दीड स्टॉप उजळ

३ फेब्रुवारी, मंगळवार
कमल आली मोडनिंबहून, दुपारच्या एसटीनं. पिशवीभर बोरं आणली. माझ्या बायकोची, शांताची, धाकटी बहीण, पण तोंड थोरलीचं. १५ मार्चला शांताला जाऊन वर्ष होतंय, पुण्यानुमोदनाचं ठरवायला बोलावलं होतं. भन्तेजी, जेवण, मांडव, सगळं अर्ध्या तासात उरकलं. मग मी हौसेनं शांताचा फोटो दाखवला. हॉलमध्ये लावायला मोठा करून आणलाय. लग्नानंतर आठ दिवसांनी माझ्याच स्टुडिओत काढलेला. काढलाही मीच, धुतलाही मीच.

कमलनं चष्मा पदरानं पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला.
"कोण बाई ही?"
म्हटलं, काय चेष्टा करतेस, तुझी अक्का.
"न्हाय दाजी. आमची अक्का काळी व्हती की. ही कुटली तरी शेरातली बया हाय."

सूनबाई चहा घेऊन दारातच थांबलेली. हसू दाबत होती, मला दिसलं.

चाळीस वर्षं फोटो काढले. सोलापुरात कुणी तोंडावर असं बोललं नव्हतं. लई राग आला. बोरंही खाल्ली नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सगळे अल्बम पलंगावर पसरले. पोराचं बारसं, घराचा गृहप्रवेश, माझ्या भावाचं लग्न. पाहत गेलो. शांता सगळीकडे गोरी. माझ्या आईपेक्षा गोरी, माझ्यापेक्षा गोरी, एका फोटोत तर मागच्या भिंतीपेक्षा गोरी. च्यायला, हे आजवर मला दिसलंच नाही.

मोबाइलमधले बघितले. तिथंही तेच. फोन म्हणे आपोआप चेहरा गुळगुळीत आणि उजळ करतो. म्हणजे आमचा धंदा आता यंत्रानंच चालवायला घेतलाय. शेवटच्या वर्षातले दोन-चार आहेत ते दवाखान्यातले. ते कुणी भिंतीवर लावत नाही. पल्लवी, म्हणजे सूनबाई, स्वतः लग्नांचे फोटो काढते, चांगला महागाचा कॅमेरा आहे तिच्याकडे. तिला विचारलं, तुझ्याकडे आईचे असतील ना? म्हणाली, "कॅमेरा काढला की आई आत जायच्या, बाबा. म्हणायच्या, माझा नको, कुंडीतल्या फुलांचा काढ."

फुलांचे चाळीस फोटो निघाले. शांताचा एकही नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सवय कशी लागली ते लिहून ठेवतो. आमच्यातल्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यात. उजेड मोजायचा मीटर साडीवर धरला की तो म्हणणार उजेड भरपूर आहे, आणि चेहऱ्याचा कोळसा होणार. म्हणून मी भिंगाचं तोंड दीड स्टॉप जास्त उघडायचो. जास्त उजेड आत घ्यायचा, चेहरा वर येतो. मग लोकच सांगायला लागले, यांच्याकडं पोरी उजळ येतात. मुलीची आई हळूच कानाशी यायची, "पोरगीला जरा बरं दिसंल असं काढा." पूर्वभागातली तेलुगू मंडळीही त्याचसाठी यायची, गिरणीतले कामगार पगाराच्या दिवशी बायकोला घेऊन यायचे. गिरणीचा भोंगा झाला की अर्ध्या तासात बाकडं भरायचं. पंखा घरघरायचा, मागं रंगवलेला पडदा, तळं आणि हंस. गेले ते दिवस! दीड स्टॉपवर घर बांधलं मी.

प.शी वाद. (हिला आता प.च लिहिणार, हात दुखतो.) तिनं फोटो निरखला आणि निकाल देऊन मोकळी. "ओव्हर झालंय. पांढऱ्यात गेलेलं परत येत नाही बाबा, आई त्यात उरल्याच नाहीत."
म्हटलं, तुमच्या डिजिटलचं असेल तसं. फिल्मवर उजेड जास्त पडला तरी निगेटिव्हमध्ये चेहरा बसून राहतो. प्रिंट बदलली की बाहेर येतो.
"सिद्ध करा."
करतोच. शांताची निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात आहे. एकुलती एक. तिला आत्ता हात लावणार नाही. आधी टेस्ट घ्यायची, फिल्म किती सोसते ते कळू दे. फिल्मनं सोसलं तर १५ मार्चला शांता भिंतीवर येईल, शांताच. नाहीतर ती शहरातली बया.

११ फेब्रुवारी, बुधवार
दोन डोळ्यांचा जुना कॅमेरा काढला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो. बुरशी नाही, आश्चर्य. कमी वेगाला शटर अडकतंय, सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाला नीट चालतंय. पुण्याहून तीन रोल मागवले, काळेपांढरे. किंमत ऐकून प. म्हणाली, एवढ्यात मेमरी कार्ड आलं असतं.

टेस्टला माणूस पाहिजे. शांताचा रंग आता जगात एकाच बाईकडे उरलाय. फोन करायचं धाडस होईना. शेवटी प.नं केला. पलीकडून कमलचा आवाज मला इथवर ऐकू आला, "दाजींना म्हनावं, म्या येते, पर मला गोरी करू नगा."

१५ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट झाली.

साडेअकराचं ऊन. अंगणात पेरूखाली खुर्ची. चेहरा सावलीत, मांडीवरची पांढरी साडी अर्धी उन्हात. यापेक्षा वाईट उजेड सोलापुरात मिळायचा नाही, आणि नेमका तोच हवा होता. कमलच्या हातात पाटी. पाटीवर खडूनं मी आकडा लिहायचो: बरोबर, एक जास्त, दोन जास्त, तीन जास्त, मग एक कमी, दोन कमी, तीन कमी. प्रत्येकाला मी एक, शेजारी स्टँडवरून प. एक. सात-सात फोटो. एका रोलवर बाराच बसतात, उरलेल्या पाचांवर परत तेच, न जाणो.

कमल लई वैतागली. "शाळंत न्हाय घातली आईनं, म्हातारपणी पाटी धरायला लावली." हनुवटीवरचं गोंदण उन्हात हिरवं दिसत होतं. शांताचंही तिथंच. आईनं दोघींना एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवलं होतं म्हणे.

चौथ्या फोटोला माझ्या तोंडून निघून गेलं, "कपाळ चमकतंय, जरा पावडर लाव."
कमलनं पाटी खाली ठेवली.
"अक्कालाबी असंच म्हनत व्हता. शेवटाला शेवटाला ती भाजी आणायला जाताना बी पावडर लावायची. ठावं हाय का तुमाला?"
ठाऊक होतं. डबा मीच आणायचो. मला वाटायचं, हौस आहे तिला.

बाकीचे फोटो कसेबसे उरकले. जेवायला मात्र बसली. भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. प.नं वाढलं. मी भाकरी नुसती कुस्करत बसलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आज नळाला पाणी आलं, रोल धुवायला घेतला. पाणी सत्तावीस डिग्री, पाहिजे वीस. फ्रिजमधला बर्फ घातला. काळ्या पिशवीत हात घालून रोल चकरीवर चढवला. वीस वर्षांनी. बोटांना सगळं आठवतं, गुडघ्यांना बाथरूममधलं स्टूल सोसत नाही.

पूर्वी मी डार्करूममध्ये, शांता दाराबाहेर गजराचं घड्याळ घेऊन. तांदूळ निवडता निवडता ओरडायची, "पाच झाली! सहा झाली! काढा आता, नायतर जळंल!" भातासारखंच वाटायचं तिला ते. एकदा शेजारीण आली, गप्पांत मिनिटं विसरली, अख्खं लग्न जादा काळं आलं. मी बोललो तिला. फार बोललो. दुसऱ्या दिवशी तिनं घड्याळाला दोरी बांधून गळ्यात घातलं होतं. आज प. मोबाइल लावून उभी होती, तो नुसता टुणटुण वाजला. डोळ्यांत पाणी आलं. हायपोच्या, म्हणजे फिल्म पक्की करायच्या औषधाच्या, वासानं येतं, असं तिला सांगितलं.

रोल चांगला आलाय. दोरीवर वाळतोय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
निकाल.

प.नं निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवून तिच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले, ते उलटे केले, काळ्याचं पांढरं, आणि पडद्यावर माझे सात आणि तिचे सात शेजारी शेजारी मांडले.

एक जास्त: दोघांचंही ठीक. दोन जास्त: तिच्या फोटोत मांडीवरची साडी गेली, नुसता पांढरा कागद. कितीही खाली ओढलं तरी राखाडी कागद. माझ्यात साडीचे काठ, चुण्या, सगळं. तीन जास्त: तिच्यात कमलचा गालही गेला. माझी निगेटिव्ह डांबरासारखी काळी, पण दाबून काढली तर त्यात कमल बसलेली! रंग तिचाच, गोंदणाचे ठिपके मोजता येतील इतके. मी खुर्चीवरून उठून नाचायचाच बाकी होतो.

प. म्हणाली, "थांबा बाबा, आता कमीवाले बघा." एक कमीला माझा चेहरा चिखल. दोन कमीला माझ्या निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी नुसती काच. काहीच नाही. तीन कमीला तर पाटीच अधांतरी. आणि हिचा तीन कमीचा, आधी अगदी काळाकुट्ट, तिनं वर ओढला तर कमल आली की बाहेर! थोडी खरखरीत, पण धडधाकट.
"तुमची फिल्म उजेड सोसते, माझा कॅमेरा अंधार सोसतो. फिटंफाट."
मान्य केलं. आयुष्यात पहिल्यांदा सुनेपुढं हरलो, अर्धाच हरलो, पण बरं वाटलं. आमचा धंदा एकच आहे, फक्त घाबरायची टोकं वेगळी. मी अंधाराला भ्यायचो, ती उजेडाला भिते.

म्हणजे दीड स्टॉप जास्त काहीच नव्हे. शांता निगेटिव्हमध्ये आहे. फिल्मनं जपलीय तिला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
आठवडाभर लिहिलं नाही.

२० तारखेला डबा उघडला होता. शांताची निगेटिव्ह पेटीवर ठेवली. दाट आहे, पण कमलच्या तीन-जास्तपेक्षा कितीतरी पातळ. प.नं कॉपी केली, खाली ओढली. साडी आली, काठ आले, खुर्चीचं नक्षीकाम आलं. चेहरा तसाच, पिठासारखा. पुन्हा केलं. तसाच. प. म्हणाली, "असं कसं? मानेचा रंग वेगळा येतोय."

मी निगेटिव्ह उचलून खिडकीशी तिरकी धरली. चेहऱ्यापुरती चकाकली. शिशाची चमक.

पेन्सिल.

विसरलोच होतो. विसरलो, की विसरायचं ठरवलं होतं, देव जाणे. (देव नाही म्हणायचं आणि त्याच्यावर ढकलायचं!) त्या काळी सगळेच करायचे. निगेटिव्हवर पातळ वार्निश लावायचं, ते वाळलं की टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक टिंबं. जिथं पेन्सिल, तिथं प्रिंट उजळ. पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं, सुरकुत्या, सगळं बुजवायचं. गिऱ्हाइकाला मी दहा मिनिटं द्यायचो. शांताच्या फोटोला दुपारच्या दोन सुट्ट्या दिल्या. नवी बायको, प्रेमानं केलं. गोंदणही बुजवलं.

तर उजेडानं नेली नाही तिला. दीड स्टॉपनं नेली नाही. मी कसली टेस्ट घेतली आणि कुणाची! फिल्म पास झाली, मी नापास.

लाज वाटली. सरळ सांगतो, लाज वाटली.

२ मार्च, सोमवार
पेन्सिल पुसता येते. टर्पेंटाइन, कापूस, हलका हात. वार्निशसकट निघते. पण चाळीस वर्षांचं वार्निश, खालचा थर सोबत निघाला तर शांताच निघून जाईल. पुन्हा कुठून आणू?

प.ला म्हटलं, तू कर, तुझा हात थरथरत नाही. ती नाही म्हणाली. "आधी पेन्सिलीसकट तिची चांगली कॉपी करून ठेवते. काही बिघडलं तरी आहे ते राहील. पुसायचं मात्र तुम्हीच." अक्कलकोटची पोरगी, बोलायला गोड, पण हट्टाला पक्की. कॉपी केली. दोन ठिकाणी ठेवली.

मुलाचा पुण्याहून फोन. "आहे तो फोटो काय वाईट आहे? छान दिसते आई." त्याला काय सांगणार. त्यानंही तोच फोटो पाहत लहानपण काढलंय.

९ मार्च, सोमवार
आधी माझ्याच एका निगेटिव्हवर करून पाहिलं. तरुणपणचा, मिशीवाला. त्यावरही पेन्सिल होती, मी स्वतःलाही सोडलं नव्हतं. निघाली नीट. खाली देवीचे व्रण आणि मोठं नाक. थर शाबूत. प. म्हणाली, "अय्यो, बाबा असे होते होय!" आणि पोट धरून हसली. मीही हसलो.

१२ मार्च, गुरुवार
केलं.

सकाळी दहाला, खिडकीशी. कपाळापासून सुरुवात केली. कापसाचा बोळा काळा झाला, दुसरा घेतला. कपाळ, नाक, उजवा गाल, हनुवटी. गोंदण आलं. प.नं तिथल्या तिथं कॉपी केली, उलटी केली, आणि पडद्यावर शांता. काळीसावळी, वीस वर्षांची, ओठ मिटलेले. एवढी देखणी होती! मी काय उजळायला गेलो होतो? प.नं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग डावा गाल. तिथं पेन्सिल सगळ्यात दाट होती. तीन बोळे लागले. पुसून झाल्यावर एक रेघ दिसायला लागली. प्रिंटमध्ये पांढरी येते. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या बाजूपर्यंत, केसाएवढी, चमकती.

घामाची रेघ. मे महिना, स्टुडिओत दोन मोठे दिवे, घामाच्या रेघा प्रत्येक गिऱ्हाइकाला यायच्या. अशी चमक पेन्सिलीनं मोडता येत नाही, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना उजळायचं, म्हणजे ती त्यात विरते. तेच केलं असणार मी. हात चालत असतो, डोकं चालत नसतं.

प.नं गाल पडद्यावर मोठा केला. "बाबा, घाम असता तर कपाळावर पण असता ना? नाकावर? बाकी सगळीकडे पावडर कोरडी आहे."

मी म्हटलं, पंखा होता.

१३ मार्च, शुक्रवार
पंखा होता खरा. पण दिवे लावले की मी पंखा बंद करायचो. पडदा हलायचा, हंस नाचायचे.

काल जेवलो नाही. आठवायचा प्रयत्न करतोय त्या दिवशी काय झालं. ती लग्नातल्या साडीत आली होती, कमल सोबत, चौदा वर्षांची. मी कॅमेऱ्यात वाकलेलो. मीटर बघितला आणि म्हटलं, "अगं, पावडर लाव थोडी. लोक म्हणतील, फोटोवाल्याची बायको आणि काळी." चेष्टा होती ती. मदतनीस हसला, मीही हसलो. कमल हसली का आठवत नाही. शांतानं भिंतीकडं तोंड करून पावडर लावली आणि येऊन बसली. मग मी म्हटलं, हलू नको.

हलली नाही. फोटो एकदम स्थिर आलाय.

फिल्मनं तेवढी केसाएवढी रेघही धरून ठेवली. मी तिच्यासमोर दोन हातांवर होतो, मला दिसली नाही.

१४ मार्च, शनिवार
पुसलेल्या निगेटिव्हची प्रिंट आली. नवा फोटो चौकटीत बसवला. रेघ बुजवलेली नाही. प.नं विचारलं, एका मिनिटाचं काम आहे, करू का? नको म्हटलं. मुलगा दुपारी आला, चौकटीसमोर उभा राहिला, म्हणाला, "ही आई आहे." मग बाहेर गेला आणि मांडववाल्याशी उगाच भांडत बसला.

संध्याकाळी कमलला फोन लावला. उद्याच्या जेवणाचं विचारल्यासारखं केलं. कढी किती, भात किती. मग विचारलं.
"कमल, तो स्टुडिओतला फोटो काढला त्या दिवशी तू होतीस. अक्का रडली होती का गं?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तिनं तो बंद केला. 

"चाळीस वर्सं एका घरात राहिला," ती म्हणाली. "आता इचारताय व्हय, दाजी?"

 फोन तिनंच ठेवला.